बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे! प्यावी की ओतून द्यावी?

नौपाड्याचा_काका

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावं.

मी वाईनमधला नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढली, निवृत्तीच्या जेवणात साहेबांच्या आग्रहाखातर अर्धा ग्लास बिअर घेतली होती, तेवढाच अनुभव. फेब्रुवारीत मुलगा-सून नाशिकला गेले होते. येताना दिंडोरीकडच्या कुणा लहान बागवाल्याची पांढरी वाईन घेऊन आले. लेबलवर शेनिन ब्लांक, ड्राय, ‘सेंद्रिय द्राक्षांपासून’ वगैरे. साडेआठशे रुपये! मे महिन्यात आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होणार होती, तेव्हा उघडायची असं ठरलं.

बाटली ठेवायची कुठे यावर घरात पहिली चकमक झाली. स्वयंपाकघरातल्या कपाटावर देव, त्यामुळे ते बाद. हॉलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल, म्हणून तेही बाद. शेवटी दोन-अडीच महिने ती चपलांच्या कपाटात उभी होती. मग आठवडाभर आधी फ्रिजमध्ये गेली, अगदी मागे, जिथे कोथिंबीर गोठते त्या कोपऱ्यात.

परवा रात्री उघडली. पहिले दोन ग्लास स्वच्छ. तिसरा ओतला तर तळाशी काहीतरी चकाकलं. दिव्यासमोर धरलं. बारीक, पारदर्शक, टोकदार खडे. बोटाने दाबले तर कचकच. सुनेने ग्लास हातातून काढूनच घेतला. मुलाने लेबलवरच्या नंबरावर चारदा फोन केला, उचलत नाहीत.

शिवाय चव. दोन घोट घेतले तर जिभेच्या कडा आखडल्या. ही म्हणाली, साडेआठशेत किती कोकम आलं असतं.

तर प्रश्न असे: ही काच आहे का? वाईन नासली आहे का? ड्राय म्हणजे आंबटच का, आणि साखर घालून प्यायली तर चालेल का? अर्धी बाटली शिल्लक आहे.

घोडबंदर_खड्डेतज्ज्ञ

काका, नावातच खडे असल्यामुळे उत्तर देणं भाग आहे. माझ्या मते बाटली धुताना फुटलेली काच. लहान उत्पादक, हाताने भरणार, कोण बघतंय? फोटो काढून तक्रार ठोका. आणि ‘सेंद्रिय’ लिहिलं की दोनशे रुपये जास्त लावायचे, हा धंदा आता भाजीवाल्यापासून सगळ्यांना कळलाय.

अडीच_एकर

काका, तक्रार करायच्या आधी एक वाटी घ्या.

ते खडे चमच्याने वाटीत काढा. वर कपभर उकळतं पाणी ओता आणि ढवळत राहा. काच असेल तर ती प्रलयापर्यंत तशीच राहील. हे खडे मिनिट-दोन मिनिटांत विरघळतील. मग त्याच पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, फसफसलं पाहिजे. तोवर उरलेली वाईन कुणी पिऊ नका, पण ओतूनही देऊ नका.

आता हे मी कशाच्या जोरावर सांगतोय? मी नेरूळला राहतो. महाप्याच्या एका कंपनीसाठी वीस वर्षं पंप विकले. सासऱ्यांची दिंडोरी तालुक्यात थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षाची, बाग होती. ती म्हातारी झाली तशी काढून २०१४ मध्ये अडीच एकर शेनिन लावलं. शुक्रवारी रात्री कसारा घाट चढतो, सोमवारी पहाटे उतरतो. हंगामात उतरतच नाही. वायनरी माझी नाही. परवाना असलेल्या एका वायनरीत टाक्या भाड्याने घेतो.

चिंचेचा कोळ काढता ना, तिच्यात जे मुख्य आम्ल असतं तेच द्राक्षात असतं, टार्टारिक. द्राक्षात पोटॅशियमही भरपूर. दोन्ही मिळून जो क्षार तयार होतो, तो रसात बऱ्यापैकी विरघळलेला राहतो. रसाची वाईन झाली की अल्कोहोलमुळे त्याला जागा कमी पडते, त्यात गारवा मिळाला की तो खडे धरतो. तुमचा कोथिंबीर गोठण्याचा कोपरा त्याला एकदम मानवला. बेकरीत ‘क्रीम ऑफ टार्टर’ म्हणून पांढरी पावडर वापरतात, ती म्हणजे हाच क्षार, शुद्ध केलेला. जर्मन लोक याला ‘वाईनस्टाइन’ म्हणतात, सरळ अर्थ वाईनचा दगड.

मोठ्या वायनरीत बाटल्या भरण्याआधी टाकी शून्याखाली चारेक अंशांवर आठ-दहा दिवस ठेवतात. खडे टाकीतच बसतात, गिऱ्हाईकाला दिसत नाहीत. मी हे करत नाही. इथे ‘मी निसर्गाच्या कामात ढवळाढवळ करत नाही’ असं काहीतरी लिहायला मला फार आवडलं असतं, पण खरं कारण विजेचं बिल. पहिल्या वर्षी केलं होतं. चिलर दहा दिवस रात्रंदिवस चालला आणि वायनरीच्या मालकाने हिशोबाचा कागद हातात ठेवला, तेव्हा मी तो आधी उलटा धरलाय की काय असं वाटलं. त्यातून खड्यांबरोबर थोडं आम्लही गेलं, वाईन जरा बोथट झाली. आणि आपल्याकडे सगळी मारामारी आम्लासाठीच असते.

ते जरा समजावून सांगतो, कारण तुमच्या आंबटपणाचं उत्तर त्यातच आहे. शेनिन मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं. तिथे द्राक्ष शरद ऋतूत पिकतं, दिवस लहान होत चाललेले, हवा गार. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, आणि काढणी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे दिवस तापायला लागलेले. साखर भरते पळत आणि आम्ल उतरतं त्याहून जोरात. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्रावर, २१ ब्रिक्स (साधारण २१ टक्के साखर) दिसलं की मी काढणी लावतो. शेजारचे म्हणतात, चार दिवस थांब, गोड होऊ दे. पण ते खायच्या द्राक्षाचं गणित. मी चार दिवस थांबलो तर वाईन जड होईल, अल्कोहोल वाढेल, आणि पिताना पाण्यात भिजवलेल्या मनुकांची आठवण येईल.

काढणी पहाटे चारला. डोक्याला दिवे बांधून बायका ओळीत शिरतात, कात्रीचा आवाज तेवढा येतो. मी प्रत्येक क्रेटमध्ये हात घालतो, मणी हाताला गार लागला पाहिजे. साडेआठला तो कोमट लागायला लागतो, मग काम बंद, उरलेल्या ओळी उद्या. मजूर वैतागतात, कारण रोज अर्ध्याच दिवसाचं काम आणि मजुरी पूर्ण द्यावी लागते म्हणून मीही वैतागतो. टनाला सहाशे लिटरच्या आसपास रस धरतो, म्हणजे आठशे बाटल्या. मग रस टाकीत आंबवायचा, पंधरा-सोळा अंशांवर, दोन-तीन आठवडे.

ड्राय म्हणजे आंबट नव्हे, काका. यीस्टने साखर खाऊन संपवली की ड्राय. युरोपात साधारण लिटरला चार ग्रॅमच्या आत उरली तर तसं लिहितात. तुमच्या पूर्ण बाटलीत दोन-अडीच ग्रॅम साखर असेल, आणि चहात दोन चमचे टाकत असाल तर एका कपात आठ-दहा. आंबटपणा सगळ्याच वाईनमध्ये असतो. गोड वाईनमध्ये तो साखरेच्या पदराआड बसतो, इथे समोर येऊन बसलाय. साखर घालू नका, विचित्र लिंबू सरबत होईल. त्यापेक्षा बाटली फ्रिजबाहेर वीस मिनिटं ठेवा. फार गार वाईनला वास नसतो, नुसता आंबटपणा कळतो.

साखर पूर्ण संपवणं हेही दिसतं तितकं सोपं नाही. २०२१ मध्ये माझी एक टाकी अकरा ग्रॅमवर अडकली. सेंद्रिय बागेत नत्र कमी पडलं की रसात यीस्टला खायला कमी मिळतं आणि ते रुसतं. सकाळी झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा. चौदाशे लिटर! दुसऱ्या टाकीतलं जोमदार यीस्ट आणून घातलं, तळाचा गाळ ढवळला, तीन आठवडे रात्री उठून तापमान बघितलं. नाहीच संपली. शेवटी ती सगळी वाईन ब्रँडीवाल्याला दिली. त्या पैशात घाटाचं डिझेलही निघालं नाही. गोड वाईन म्हणून विक, असं दोघांनी सुचवलं. विकलीही गेली असती, पण वास कुठे घालवणार होतो?

चपलांच्या कपाटाबद्दल मात्र बोलावं लागेल. ठाण्याचा एप्रिल-मे, बंद कपाट. पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून फ्रिज, पण दाराच्या कप्प्यात.

जाता जाता, लेबलवर साळुंकी आहे का हो?

निवृत्त_रसायन, वाशी

वरचं बरोबर आहे. एकच भर घालतो. या खड्यांना कमी लेखू नका. १८४८ मध्ये पंचविशीतला लुई पाश्चर वाईनमधूनच मिळालेल्या अशा आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली बघत होता. त्याला दिसलं की स्फटिक दोन प्रकारचे आहेत, उजव्या-डाव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्याने ते चिमट्याने एकेक करून वेगळे केले. एका ढिगाचं द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं डावीकडे. रेणूला डावं-उजवं असतं, हे शास्त्र तिथून सुरू झालं. डाव्या-उजव्यांच्या अशा समसमान मिश्रणाला आजही ‘रेसिमिक’ म्हणतात, लॅटिनमध्ये ‘रेसिमस’ म्हणजे द्राक्षाचा घड.

अकरावीच्या मुलांना हे शिकवताना मी दरवर्षी हातमोज्यांची जोडी घेऊन जायचो. तळाचे खडे दाखवले असते तर जास्त मुलं जागी राहिली असती, पण शाळेत वाईनची बाटली कशी नेणार!

घोडबंदर_खड्डेतज्ज्ञ

काचेचं मागे घेतो. सेंद्रियचं घेत नाही. माझा मामेभाऊ निफाडला द्राक्षं करतो. तो म्हणतो, हे सेंद्रियवाले मोरचूद, तांब्याचा तो निळा क्षार, मारतातच. मोरचूद रसायन नाही तर काय तुळशीचा काढा आहे? आणि लेबलवर ‘सल्फाईट आहे’, म्हणजे वाईन टिकवायचं गंधकाचं रसायन, असंही लिहिलेलं असतं. मग सेंद्रिय कसलं?

अडीच_एकर

मामेभाऊ खरं बोलतो. मी मोरचूद मारतो आणि त्याबद्दल मला बरं वाटत नाही.

फळछाटणीनंतर कोवळी फूट असते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस रेंगाळतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळा डाग, पान उलटलं की पांढरी बुरशी. डावनी. आली की चार दिवसांत घड जातो. सेंद्रियमध्ये आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत भिनणारी, बुरशीनाशकं चालत नाहीत, त्यामुळे हातात उरतं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये मेडॉकच्या रस्त्याकडेच्या वेलींवर, लोकांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून, असं काहीतरी निळं शिंपडायचे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकीच्या बागेची पानं झडली, पण या वेलींची टिकली. चोरांसाठी केलेला उपाय आजवर चाललाय.

पण तांबं जमिनीत साठतं, गांडुळांना बाधतं, आणि जात नाही. युरोपात २०१९ पासून मर्यादा आहे, हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांबं, म्हणजे वर्षाला सरासरी चार. मी युरोपला एकही बाटली पाठवत नाही, पण हा आकडा मी स्वतःला लावून घेतलाय. अडीच एकर म्हणजे जवळजवळ एक हेक्टर, त्यामुळे हिशोब सोपा. मोरचुदात तांबं पाव हिस्सा. अर्धा टक्क्याचं मिश्रण, हजार लिटर पाणी, पाच किलो मोरचूद, म्हणजे एका फवारणीत सव्वा किलो तांबं. वर्षाला तीन फवारण्या आणि खातं बंद. चौथ्यांदा पाऊस आला तर आकाशाकडे बघायचं.

मिश्रण केल्यावर त्यात घासलेला विळा बुडवतो. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय, तसंच मारलं तर पानं करपतील. सासऱ्यांनी शिकवलं. पीएच मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे, पण विळा कधी बॅटरी संपली म्हणत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबेचना, नाशिकच्या बागायतदारांना तो हंगाम वेगळा सांगायला नको. तीन फवारण्या दिवाळीआधीच संपल्या. सासऱ्यांनी शेडमध्ये फळीवर आंतरप्रवाहीचं पाकीट आणून ठेवलं. बोलले काही नाहीत. मी दोन दिवस त्या पाकिटाकडे बघत होतो. ते मारलं असतं तर सेंद्रिय प्रमाणपत्राचा ३६ महिन्यांचा रूपांतर काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला असता, म्हणून नाही मारलं. तत्त्वबित्त्व म्हणाल तर ते त्या दोन दिवसांत मला कुठे सापडलं नाही. त्या वर्षी अडीच एकरांत मिळून नऊशे बाटल्या झाल्या. सासरे तो आकडा अजून लग्नकार्यात सांगतात.

सल्फाईटचं थोडक्यात. यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं, लिटरला दहा मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेबलवर लिहायचं. युरोपात साध्या ड्राय पांढऱ्या वाईनला २०० पर्यंत मुभा, सेंद्रियला १५०. अमेरिकेत ‘ऑरगॅनिक वाईन’ म्हणायचं तर वरून अजिबात घालायचं नाही. माझ्या बाटलीत ऐंशीच्या आसपास असतं. शून्यावरही करून बघितली होती, चाळीस बाटल्या. घाट उतरून नेरूळला येईपर्यंत सफरचंद कापून ठेवल्यासारखा वास यायला लागला. दम्याच्या माणसाने सल्फाईट जपूनच घ्यावं, हे खरं. पण मग केशरी जर्दाळूही जपून खावा, त्याचा रंग गंधकाच्या धुरीनेच टिकतो.

कळव्याची_सुगरण

हे सगळं वाचून प्रश्न पडला. वाशीच्या मार्केटातून पाच किलो द्राक्षं आणून घरी बरणीत करता येईल का? यूट्यूबवर तर सोपं दाखवतात.

अडीच_एकर

ताई, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाईन करणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, १९४९ चा कायदा. शिवाय मार्केटातली थॉमसन-सोनाका खायला छान, पण साल पातळ, पाणी जास्त, आम्ल कमी. मनुका करा.

चेंदणीची_सून

इतका वेळ गप्प होते, पण कुणी जेवणाबद्दल बोलेना म्हणून लिहिते.

काका, तुम्ही बरोबर काय खाल्लंत? पनीर? केक? तिथेच चुकलं. आमच्याकडे कोळीवाड्यात नणंदेच्या नवऱ्याने अशीच सुकी पांढरी वाईन आणली होती, तोही म्हणाला आंबट. सासूबाईंनी बोंबील तळले होते, तांदळाच्या पिठात घोळवून, कडक. बोंबलाचा तुकडा आणि वर घोट. लिंबू पिळल्यासारखं झालं, सगळं तेलकट उतरून गेलं. दुसऱ्या दिवशी हावरटपणा करून लाल रश्श्याच्या तिसऱ्यांबरोबर, म्हणजे शिंपल्यांबरोबर, घेतली तर तोंडाला आग. तिखटाबरोबर दारू म्हणजे जाळावर रॉकेल. अळूवडी, कोथिंबीरवडी, सुरमईचा तवा फ्राय, हे चालेल. आमटी-रस्सा नाही.

आणि आंबट आंबट काय करता? बोंबलाला आधी मीठ-लिंबू लावून ठेवता तेव्हा नाही आंबट लागत?

नौपाड्याचा_काका

सर्वांचे आभार. अहवाल देतो.

वाटीचा प्रयोग सुनेने केला, माझ्यावर विश्वास नव्हता. उकळतं पाणी ओतलं, ढवळलं, मी मनात आकडे मोजत होतो. सत्तरपर्यंत मोजेस्तोवर वाटी स्वच्छ. सोडा टाकल्यावर फस्सकन फेस आला. नातवाला एवढं आवडलं की उरलेल्या खड्यांवर त्याने आणखी तीनदा प्रयोग केला, आता खडे संपले.

वाईन गाळून, वीस मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा घेतली. बोंबील मिळाले नाहीत, हिने कोथिंबीरवड्या तळल्या. आंबट आहेच, पण या वेळी मागे कच्च्या पेरूसारखं काहीतरी लागलं. हिने अर्धा ग्लास घेतला. ‘कोकमापेक्षा बरी’ असा निकाल आहे.

अडीच_एकर साहेब, लेबलवर साळुंकीच आहे. चोचीत मणी धरलेली.

अडीच_एकर

मग फोन न उचलणारा मीच. बागेत रेंज विहिरीच्या कठड्यावरच येते, तीही एका पायावर उभं राहिलं तर. मनापासून माफी.

साळुंकी बायकोने काढलीय. दरवर्षी आमची पहिली ओळ तीच खाते.

मागच्या लेबलवर खड्यांबद्दल दोन ओळी छापायच्या, हे तीन वर्षं राहून जातंय. काय लिहू? ‘तळाशी खडे दिसल्यास घाबरू नये’ असं लिहिलं तर न घाबरणाराही घाबरेल.

नौपाड्याचा_काका

‘तळाचे दोन घोट बाटलीतच ठेवा’ असं लिहा. कारण विचारायला फोन आला तर उचला.

चेंदणीची_सून

काका, बोंबील हवे असतील तर बुधवारी सकाळी आठच्या आत या. नऊला आलात तर कोथिंबीरवडीच करा.